फोटोच्या मागं काय लिहिलंय?

(पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण वाचा. शेवटी तुमच्याकडं एक काम पण आहे.)

मंडळी, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला फोटोंचा एक संच लिलावात निघाला. फोटोत काय, तर चार माणसं रस्ता ओलांडतायत. बस, एवढंच. संचाला बोली लागली १ लाख ८० हजार पौंडांची. त्या वेळच्या दरानं आपले पावणेदोन कोटी रुपये, जवळपास.

ती चार माणसं म्हणजे बीटल्स. ‘ॲबी रोड’ या अल्बमच्या कव्हरसाठी हे फोटो काढले होते. फोटोग्राफरचं नाव इयान मॅकमिलन. तारीख ८ ऑगस्ट १९६९. रस्त्याच्या मधोमध घडीची शिडी लावली, पोलिसानं गाड्या थांबवल्या, दहा मिनिटांत सहा फोटो झाले आणि गडी खाली उतरला. सहातला पाचवा कव्हरवर गेला. राहिलेले पाच तेव्हा कुणाला नको होते. आज तेच पाच लोक शोधत फिरतात.

आता तुम्ही म्हणाल, बीडमध्ये बसून लंडनच्या लिलावाचं आम्ही काय करू? थांबा. या धंद्याचा इतिहास बघितला तर एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती आपल्या सुभाष रोडवरच्या जुन्या स्टुडिओपर्यंत येऊन पोचते.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. निगेटिव्ह एक असली की तिच्यावरून कॉप्या कितीही निघतात. मग एकाच फोटोची एक कॉपी दोनशे रुपयांना आणि दुसरी दोन लाखांना कशी? गोळा करणारे लोक चार गोष्टी बघतात. एक, कॉपी कधी काढली. फोटो काढला त्याच सुमाराला फोटोग्राफरनं डार्करूममध्ये स्वतः काढलेली असेल तर तिला सगळ्यात जास्त भाव. दोन, किती काढल्या. पन्नासच काढायच्या ठरवून प्रत्येकीवर ‘५० पैकी १२’ असा नंबर टाकला की ती मोजकी होते. तीन, सही. आणि चार, ही कॉपी कुणाकडून कुणाकडं आली त्याचा लेखी माग. या चारही गोष्टी फोटोच्या पाठीमागं असतात. पुढं हेंड्रिक्स असो नाहीतर मिक जॅगर, माल पारखणारा माणूस आधी फोटो उलटा करतो आणि मागं पेन्सिलीनं काय लिहिलंय ते वाचतो.

हे फोटो काढले तेव्हा त्यांना काही किंमत नव्हती, ही दुसरी गोष्ट. साठच्या दशकात रॉक गायकाचा फोटो म्हणजे मासिकाचं पान भरायची सोय. छापून झाला की फाईलीत, नाहीतर कचऱ्यात. १९६७ ला सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ नावाचं मासिक निघालं. मालकाकडं पैसे नव्हते. बॅरन वुल्मन नावाच्या फोटोग्राफरला त्यानं विचारलं. वुल्मन म्हणाला, फुकट काम करतो, पण फोटोंची मालकी माझी राहील आणि कंपनीचे थोडे शेअर द्या. मासिकानं हसत हसत होकार दिला असणार! पुढं जेनिस जॉप्लिन, जिमी हेंड्रिक्स यांचे फोटो त्यानं काढले. त्या फोटोंनी मासिक मोठं झालं आणि मालकी हातात राहिल्यामुळं वुल्मनचं सगळं आयुष्य त्यावर निघालं.

जिम मार्शल दुसरा. १९६७ चा मॉन्टेरीचा महोत्सव, १९६९ चं वुडस्टॉक, सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातला जॉनी कॅश, सगळीकडं हा माणूस कॅमेरा घेऊन हजर. फोटोंचे हक्क त्यानंही सोडले नाहीत. २०१० ला तो वारला आणि २०१४ ला ग्रॅमीवाल्यांनी त्याला मरणोत्तर सन्मान दिला. गाण्याच्या पुरस्कारांत फोटोग्राफरचा सन्मान! कारण त्या काळचं गाणं दिसायचं कसं, हे जगाला या लोकांमुळंच कळलं.

आता आपल्या देशातलं सांगतो. १९६८ ला बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले. तिथं पॉल सॉल्ट्झमन नावाचा कॅनडाचा एक तरुण येऊन पडला होता. प्रेमभंग झालेला, ध्यान शिकायला आलेला. त्याच्याकडं एक साधा कॅमेरा होता. त्यांना विचारून त्यानं फोटो काढले. घरी गेल्यावर ते खोक्यात टाकले आणि विसरला. तीस वर्षांहून जास्त काळ ते खोकं तसंच पडून राहिलं. मुलीनं विचारलं म्हणून बाहेर निघालं आणि २००० साली त्याचं पुस्तक झालं. पोरीनं विचारलं नसतं तर? आणि मधल्या काळात कुणी घर आवरताना ते खोकं रद्दीत घातलं असतं तर?

महाराष्ट्रातलं उदाहरण तर याहून जवळचं. पाचगणीला सहलीला गेलेल्या किती जणांना माहीत आहे की फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला? खरं नाव फरुख बलसारा. पारशी कुटुंब, जन्म झांझिबारचा, साल १९४६. आठेक वर्षांचा असताना बोर्डिंगात आला. बाराव्या वर्षी चार मित्रांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळेतला बँड काढला आणि स्वतः पियानोवर बसला. त्या पाच पोरांचे फोटो आज जगभर फिरतात. ते काढले तेव्हा कुणाला स्वप्नात तरी वाटलं असेल का, की यातलं एक पोरगं पुढं लाख लाख लोकांसमोर गाणार आहे?

याच फ्रेडीचा सगळ्यात गाजलेला फोटो मिक रॉक नावाच्या फोटोग्राफरनं काढला. १९७४ च्या ‘क्वीन २’ अल्बमच्या कव्हरवर काळ्या अंधारात चार चेहरे आहेत, तोच. ती कल्पना रॉकला मार्लेन डीट्रिच या नटीच्या १९३२ च्या सिनेमातल्या एका जुन्या फोटोवरून सुचली होती. म्हणजे बघा, कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो सांभाळला म्हणून हा नवा फोटो जन्माला आला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सदबीजनं फ्रेडीच्या घरातल्या १४०० वर चीजवस्तूंचा लिलाव केला. एकूण आकडा गेला ४ कोटी पौंडांच्या घरात. पाचगणीच्या पोराच्या वस्तू!

बरं, मुंबईही यात आहे. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं ‘वंडरवॉल म्युझिक’साठी ध्वनिमुद्रण केलं. सोबत आशिष खान, शिवकुमार शर्मा अशी मंडळी. त्याच मुक्कामात बीटल्सच्या एका गाण्याचं संगीतही झालं, त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. ही नावं आज आपण आदरानं घेतो. पण विचार करा, अशा वेळी काढलेल्या फोटोखाली जर ‘जॉर्ज हॅरिसन, भारतीय वादकांसह’ एवढंच लिहिलं, तर पन्नास वर्षांनी त्या फोटोत एकच माणूस उरतो. बाकीचे नुसते ‘सह’ होऊन जातात.

आपल्याकडं ही शिस्त नव्हती असं समजू नका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्याचा फोटोग्राफर होता लाला दीनदयाळ. सहाव्या निजामानं त्याला राजा ही पदवी दिली. अजिंठा-वेरूळपासून दरबारापर्यंत त्यानं फोटो काढले. काचेच्या निगेटिव्हवर नंबर आणि नाव टाकायची त्याच्या स्टुडिओची रीत होती. त्यातल्या २८५७ काचा १९८९ ला दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या आणि आज त्या तिथं सुखरूप आहेत. नंबर होते म्हणून त्यांचा हिशेब लागला. पण दीनदयाळनं फोटो काढले ते राजांचे, साहेबांचे, राजवाड्यांचे. हलगीवाल्याचा फोटो कोण काढणार?

ते काम पुढं आपल्या गावोगावच्या स्टुडिओंनी केलं. सत्तर-ऐंशीच्या दशकातला बीड जिल्हा आठवा. कपिलधारची यात्रा, शहेनशाहवलीचा उरूस, गावच्या खंडोबाची जत्रा, भीमजयंतीचे जलसे. तमाशाचा फड आला की तालुक्याच्या फोटोवाल्याला बोलावणं जायचं. कव्वाल, शाहीर, गोंधळी, वाघ्या-मुरळी, भारूडवाले, बँड पार्टी, पुढं ऑर्केस्ट्रा. सगळे एकदा तरी स्टुडिओत जाऊन पडद्यासमोर उभे राहायचे. हातात हार्मोनियम नाहीतर हलगी, अंगात इस्त्रीचा सदरा. आपले रॉकस्टार हेच होते की! हजारो माणसं रात्रभर मांडी घालून ऐकायची त्यांना.

पुणे-नारायणगावकडं काही जणांनी हे मोल ओळखलं. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून फोटो काढले आणि ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक केलं. सतीश पाकणीकर यांनी शास्त्रीय संगीतातल्या गायक-वादकांचे फोटो वर्षानुवर्षं काढले, ‘सवाई गंधर्व’ला त्यांची प्रदर्शनं भरली. विठाबाई नारायणगावकर २००२ ला गेल्या, पण त्यांचे फोटो आहेत, सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं आहे. त्यांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला होता, नाव राज्यभर होतं, म्हणून तेवढं तरी झालं. केज, धारूर, पाटोद्याच्या फडात ज्यांनी जन्म काढला त्यांचं काय?

आता दुखणं सांगतो. गेल्या काही वर्षांत मी बीड, माजलगाव, अंबाजोगाईच्या जुन्या फोटोवाल्यांशी बोलत असतो. डिजिटल आलं, मग मोबाईल आला, धंदा बसला. म्हातारे मालक गेले, पोरांनी दुकानात मोबाईलचे कव्हर नाहीतर झेरॉक्स सुरू केली. माळ्यावर निगेटिव्हची पोती. एका दुकानात पोरानं मला सांगितलं, भंगारवाला आला होता, चार पोती नेली. विचारलं, कुठल्या? म्हणाला, ‘‘ब्लॅक अँड व्हाइटच्या. रंगीत तो घेत नाही, म्हणतो त्यात काही निघत नाही.’’

यामागं रसायन आहे. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर जे काळं दिसतं ती खरोखरची चांदी असते, अगदी बारीक कणांची. रंगीत निगेटिव्हमधली चांदी धुतानाच निघून जाते आणि नुसते रंग राहतात. म्हणून भंगारवाल्याला जुन्या ब्लॅक अँड व्हाइटच हव्या असतात, एक्स-रेच्या फिल्मसारख्या. म्हणजे जे सगळ्यात जुनं, तेच आधी जातंय. चिमूटभर चांदीसाठी अख्ख्या जत्रा भट्टीत चालल्यात.

कुणी म्हणेल, जाऊ द्या हो, आपल्या बँडवाल्याच्या फोटोला कोण लाख रुपये देणार? लाख नाही देणार. पण एक हिशेब ऐका.

म्हाताऱ्या कलावंतांना मानधन द्यायची महाराष्ट्र सरकारची योजना फार जुनी आहे, १९५० च्या दशकापासूनची. आता तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. आधी अ, ब, क असे वर्ग होते, स्थानिक कलावंताला महिन्याला २२५० रुपये मिळायचे. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५००० रुपये केले. वयाची अट ५० वर्षं, आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेलं पाहिजे. ते केलंय याचा पुरावा जोडावा लागतो. आता सांगा, उसतोडीला जाणाऱ्या आणि जत्रेत हलगी वाजवणाऱ्या माणसाकडं कसला पुरावा असतो? त्याला कुणी प्रमाणपत्र दिलं? त्याची छापील पत्रिका निघाली? असला तर एखादा फोटो.

आमच्या भागातल्या एका हलगीवादकाच्या घरी मी अर्जाची कागदं बघत होतो. वय सत्तरीच्या पुढं. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी एक फोटो काढला. झकास फोटो! मधोमध ते स्वतः, हलगी छातीशी, मागं कनात, बाजूला पाच-सहा साथीदार. मी उलटा केला. मागं कोरं. कुठली जत्रा, कुठलं साल, बाजूला कोण, काही नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘‘साहेब, साल कसं सांगू? मोठी पोरगी तवा अंगावर पीत होती.’’ शेवटी पोरीचं वय काढून आम्ही साल लावलं. फोटोत डावीकडं उभा असलेला एक साथीदार शेजारच्या गावात जिवंत निघाला, त्यानं लेखी दिलं. मग तो फोटो पुरावा झाला.

लंडनचा पारखी मागची ओळ बघतो तसंच हे. कुणाचा, कुठं, कधी, कुणी काढला, या चार गोष्टी असल्या की तिकडं फोटोला पौंड मिळतात आणि इकडं म्हाताऱ्याच्या औषधपाण्याची सोय होऊ शकते. फोटो तोच, ओळ नसली की तो नुसता कागद.

मालकीचं पण सांगून ठेवतो, कारण यावरून घरात-दुकानात भांडणं होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटो काढणारा हा फोटोचा कर्ता. पण कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे फडमालकानं पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क फडमालकाचा, निगेटिव्ह मात्र स्टुडिओच्या माळ्यावर. दोघांनाही एकमेकांशिवाय गत्यंतर नाही. फोटोवाल्यानं यात्रेत स्वतःहून काढलेले फोटो असतील तर ते त्याचे. २०१२ ला कायदा बदलला आणि आता हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणून जुना फोटो फेसबुकवर टाकताना खालची स्टुडिओची पट्टी कापू नका. त्या पट्टीवर एका माणसाच्या आयुष्याची कमाई आहे. वुल्मननं भांडून मिळवलं ते आपण मोबाईलच्या एका बोटानं पुसतो.

आता काम.

पहिलं, घरातले जुने फोटो काढा आणि मागं लिहा. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढं उमटतो आणि शाई झिरपते. कोण, कुठं, कधी, स्टुडिओ कुठला. साल नक्की माहीत नसेल तर ‘दुष्काळाच्या आदल्या वर्षी’ असं लिहिलं तरी चालेल, त्यावरून काढता येतं.

दुसरं, घरातलं म्हातारं माणूस शेजारी बसवून लिहा. आजीला एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. ती गेल्यावर त्या फोटोतली निम्मी माणसं अनोळखी होणार आहेत.

तिसरं, लॅमिनेशन करू नका, पुठ्ठ्याला डिंकानं चिकटवू नका, चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नका. कागदाच्या पाकिटात ठेवा. पत्र्याच्या छताखाली तर अजिबात नको, आपल्या उन्हाळ्यात ४० च्या वर पारा जातो आणि उष्णतेनं फिल्म लवकर मरते. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला तर ती सडायला लागली समजा. ती वेगळी काढा आणि आधी तिची कॉपी करा.

चौथं, निगेटिव्ह असेल तर फेकू नका. मोबाईलची स्क्रीन पांढरी करून तिच्यावर निगेटिव्ह धरा, दुसऱ्या मोबाईलनं फोटो घ्या आणि रंग उलटे करा. एवढ्यानं आत कोण आहे हे तरी कळतं.

आणि पाचवं, सार्वजनिक काम. आपल्या जिल्ह्यात कॉलेजं आहेत, वाचनालयं आहेत, इतिहास आणि पत्रकारितेची पोरं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. एकेका तालुक्यातल्या बंद पडलेल्या स्टुडिओंची यादी करायला एक सुट्टी पुरे. नगरपालिकेनं एक कोरडी खोली आणि दोन कपाटं दिली तरी सुरुवात होईल. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी चारशे वर्षं टिकली. कापडावर लिहिलेला ग्रंथ! पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी जपला म्हणूनच ना? त्याच जिल्ह्यात चाळीस वर्षांपूर्वीचे फोटो आपल्याला सांभाळता येऊ नयेत?

तुमच्या घरात, गल्लीत, पाहुण्यांकडं कुणी वाजवणारा, गाणारा, नाचणारा असेल आणि त्याचा जुना फोटो असेल, तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि अंदाजे साल टाका. फोटोतल्या माणसांची किंवा घरच्यांची परवानगी असेल तरच फोटो टाका. ओळखीच्या फोटोवाल्या काकांच्या माळ्यावर पोती पडली असतील तर भंगारवाल्याच्या आधी मला निरोप द्या. मी गाडी घेऊन येतो, पेन्सिली पण आणतो.